काकड्याच्या सायकलचा दिवा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गुडघ्यांनी घोटाळा केला — माझ्या नव्हे, विठाबाईंच्या! बावीस वर्षं आमच्या विठ्ठल मंदिरात काकड आरतीची पहिली भूपाळी त्याच म्हणत आल्या. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने लेकीकडं गारगोटीला. आज निघताना देवळात सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "औंदा पयली भूपाळी संयोगिता म्हणंल. गळा हाय तिला."

मी खाली फरशीकडंच बघत राहिले. शेजारी शालूबाई बसलेली. तिचं तोंड बघायची गरजच नव्हती, श्वास ऐकू येत होता.

जोतीराम गुरवांनी लगेच नियम सांगितला. कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, रोज पहाटे पाचच्या ठोक्याला. पहिली भूपाळी जिच्याकडं तिनं एक दिवस चुकवायचा नाही. चुकला की मान पुढचीकडं. "देव कुणासाठी थांबत न्हाय, वहिनी."

पुढची म्हणजे शालूबाई. तिचं घर देवळाच्या मागच्या भिंतीला लागून. झोपेत कुशीवर वळली तरी सभामंडपात येईल. आमचं घर मळ्यात. मध्ये तीन किलोमीटर पाणंद — बैलगाडी जाईल एवढी वाट, दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस, एक खांब नाही, एक बल्ब नाही.

यांना सांगितलं. म्हणाले, "मी न्हाय सोडाय येणार. साडेचारला धारा असत्यात. म्हशींना कार्तिक कळत न्हाय."

चालत गेले तर परत यायला सात वाजणार. साडेसहाला दूध डेअरीला गेलं पाहिजे आणि किटल्या मीच धुते. विठ्ठला, तूच बघ काय ते.

४ ऑक्टोबर, शनिवार

विठ्ठलानं बघितलं. गोठ्यात वर बघायला लावलं! आढ्याला तेजस्वीची शाळेतली सायकल टांगलेली. लेक पुण्याला नोकरीला लागून चार वर्षं झाली, सायकलवर चिमण्यांनी संसार मांडलाय.

मीही दहावीपर्यंत सायकलनंच शाळेला जात होते. लग्न झाल्यापासून एकदाही बसले नाही. अठ्ठावीस वर्षं झाली.

यांनी सायकल खाली काढून दिली, पण अट घातली. "तीनदा पडलीस की बंद. तिसऱ्या खेपंला सायकल परत आढ्याला."

"आणि भूपाळी?"

"का? शालूबाईला गळा न्हाय व्हय?"

हे मुद्दाम म्हणाले. जेवताना मी यांना दुसऱ्यांदा आमटी विचारली नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

अंगणात दोन चकरा मारल्या. जमतंय! अंग विसरत नाही. फक्त उतरताना ओरडायला होतं.

दिव्याचं काय करायचं ते कॅलेंडर बघून ठरवलं. आज पौर्णिमा. अमावास्येपर्यंत पहाटे आभाळात चंद्र असतोच. म्हणजे पंधरा दिवस फुकट दिवा, तोही देवानं लावलेला. आत्तापासून खर्च कशाला?

७ ऑक्टोबर, मंगळवार

चंद्र होता. पण पहाटे साडेचारला तो पार मावळतीला गेलेला असतो हे माझ्या लक्षात आलं नाही. चांदणं सगळं उसाच्या शेंड्यावर, पाणंदीत काळामिट्ट अंधार! चाक कुठं, खड्डा कुठं, मी कुठं, काही कळेना. शेवटी उतरले आणि सायकल हातात धरून पळत सुटले. उसाच्या पात्यांनी गाल कापले.

पाचला दोन मिनिटं कमी असताना पोचले. शालूबाई शाल पांघरून, टाळ हातात घेऊन, घसा खाकरून तयार. "आलीस व्हय? मला वाटलं तुला डोळाच लागला."

भूपाळी धापा टाकतच म्हटली. देव जागा झाला नसेल, दचकून उठला असेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

घरातली मोठी बॅटरी सुतळीनं सायकलच्या बास्केटला बांधली. पहिल्या खड्ड्याला उजेड आभाळात गेला. दुसऱ्या खड्ड्याला शेजारच्या उसात. तिसऱ्याला बॅटरी उलटी फिरली आणि सगळा उजेड माझ्या हनुवटीवर! सयाजीभाऊजींच्या वस्तीवरचं कुत्रं मला पिल्लू असल्यापासून ओळखतं. भाकरीसुद्धा माझ्याच हातची खातं. आज माझं तोंड बघून ओरडत पळालं. पुढं नाही पळालं, मागं पळालं.

सुतळी रद्द.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रात्री उसाला पाणी पाजताना हे कपाळाला पट्ट्याचा दिवा बांधतात. तो मागितला. पदरावरून बांधला. हात मोकळे, उजेड भरपूर. मला वाटलं जमलं!

पण बघेन तिकडं उजेड जातो, आणि उजेड जाईल तिकडं सायकल जाते. डावीकडं काहीतरी खसखसलं, बघितलं — डावीकडं गेले. उजवीकडं घुबड होतं — उजवीकडं गेले. सापासारखी वळणं घेत गावात पोचले.

आता खरी गोष्ट लिहिते. 

देवळात गेले. गुरवांनी गाभाऱ्याचं दार उघडलं. अंधारात देव झोपलेला. आपल्याकडं रीत अशी, की तुपातला काकडा पेटला की त्याचाच उजेड पहिल्यांदा देवाच्या मुखावर पडायचा. आणि मी पायरीवर उभी, दिवा कपाळावर तसाच चालू! लख्ख पांढरा झोत थेट विठ्ठलाच्या डोळ्यांत!

"अगं बाई," शालूबाई म्हणाली, "देवाला उठवाय काय मोटारगाडी आणलीस?"

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. गुरवांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं, देवावर का माझ्यावर ते कळलं नाही. दोघांवर असावं.

आता ठरलं. दिवा सायकलचा पाहिजे आणि सायकलवरच राहिला पाहिजे. सायकल देवळाबाहेर.

११ ऑक्टोबर, शनिवार

भाजी आणायला गावात गेले ती तशीच आण्णांच्या सायकल दुकानात. आण्णा सत्तरीचे. गिऱ्हाइकाला वस्तू दाखवायच्या आधी शिव्या दाखवतात.

"दिवा पायजे? कशाला? पोरी, या वयात कुठं पळून चाललीस?"

सांगितलं काकड्याचं. मग गंभीर झाले. तीन प्रकार काढून काउंटरवर मांडले. सेलवर चालणारा, चार्जिंगचा, आणि एका खोक्यातनं फुंकर मारून धूळ उडवून डायनामो. चाकाला घासतो, चाक फिरलं की दिवा लागतो.

"सेल?" मी विचारलं.

"नको."

"चार्जिंग?"

"नको."

"वीज?"

"कशाला? पायडल मार, दिवा लागतोय. थांबलीस की इझतोय."

माझं तर मनच बसलं! कष्ट केले तर उजेड, नाही केले तर अंधार. कीर्तनात सांगतात तसं. शिवाय एकदा घेतला की पुन्हा एक पैसा नाही.

आण्णा म्हणाले, "इचार कर. थांबल्यावर अंधार पडंल."

म्हटलं, "मी थांबतच न्हाय."

१२ ऑक्टोबर, रविवार

पडले. एकदा.

कशी पडले ते यांना सांगितलेलं नाही, कुणालाच सांगणार नाही. इथं लिहिते.

आईनं लहानपणापासून लावलेली सवय. दिवा लागला की हात जोडायचे. देवापुढचा असो, संध्याकाळचा बल्ब असो, लाइट जाऊन परत येवो. मी हात जोडत नाही, हात आपोआप जोडले जातात. शेजारणीच्या घरी, दवाखान्यात, एकदा तर फ्रीज उघडल्यावर.

आज पाणंदीच्या तोंडाला सायकलवर बसले. पाच-सहा पायडल मारले. समोर दिवा लागला — पिवळा, निरांजनासारखा, इतका छान!

हात जोडले. दोन्ही.

पुढचं पाटाच्या पाण्यात. पाणी गुडघाभरच होतं पण मी आडवी होते.

ओल्या लुगड्यानं भूपाळी म्हटली. घरी आले तर हे म्हशीजवळ बसून माझ्याकडं नीट बघत होते.

"पडलीस?"

"पडलो न्हाय. उतरलो."

"पाटात?"

यांनी उठून कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर एक रेघ मारली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल रात्री झोपताना हातांना बजावून ठेवलं होतं. विठ्ठलाचीच शपथ घातली. हँडल सोडायचं नाही!

पण डायनामोचं असं आहे, खड्डा आला की तो चाकावरून उडतो. दिवा जातो. खड्डा गेला की पुन्हा लागतो. पाणंदीत अकरा खड्डे. म्हणजे एका खेपेत अकरा वेळा दिवा लागला. दहा वेळा मी हातांना आवरलं.

दहा वेळा!

भिंतीवर दुसरी रेघ. शेजारी यांनी तिसऱ्या रेघेला जागा सोडली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल आणि आज पावणेचारला उठून चालत गेले. परत येऊन किटल्या धुताना डोळे मिटत होते. झाकण एकीचं, किटली दुसरी.

आरती झाल्यावर गुरवांना एका बाजूला घेऊन विचारलं. नाव न घेता, कुणीतरी विचारलंय असं करून. "सायकलच्या दिव्याला नमस्कार लागू होतो का?"

गुरवांनी जानवं चाचपलं. "ज्यात तेल न्हाय, वात न्हाय, त्यो दिवा न्हवं. त्यो नुसता उजेड. त्येला नमस्कार लागत न्हाय."

केवढं हलकं वाटलं! तेवढ्यात खांबामागनं शालूबाई. हिला भिंतीतनं ऐकू येतं.

"मग सांजंला लाइट आल्यावर तुमी हात का जोडता वो, गुरव?"

गुरवांनी पुन्हा जानवं चाचपलं. मग म्हणाले, "त्यो नमस्कार न्हवं. त्यो लाइट आल्याचा आनंद."

शालूबाई माझ्याकडं वळली. "तू हात जोडतीस व्हय सायकलवर?"

"न्हाय."

"खोटं. म्हून पाटात पडलीस!"

ही बाई पोलिसात पाहिजे होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तेजस्वीचा फोन. दिवाळीला येतेय. तिला दिव्याचं सांगितलं, नमस्काराचं नाही.

"आई, किती लुमेनचा पाहिजे तुला?"

"पाणंद दिसेल एवढा."

मग तिनं बराच वेळ शिकवलं. पुढं पांढरा, मागं लाल, पावसात टिकणारा, एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस पुरणारा. मी म्हटलं पुढचा ठीक, मागं लाल कशाला? पहाटे साडेचारला माझ्या मागं कोण येणार आहे?

"बिबट्या," तेजस्वी म्हणाली.

"मग त्याला कशाला दाखवू मी कुठं हाय ते?"

तेजस्वीनं शिकवणंच सोडलं. शेवटी म्हणाली, "आई, तू चालतच जा."

१८ ऑक्टोबर, शनिवार

चालतेय. पाय बोलत नाहीत, ओरडतात. काल रात्री लाडू वळताना बसल्या जागी झोपले. हातातला लाडू सकाळी उशाला मिळाला.

आज देवळात एक मिनिट उशीर. गुरवांनी घड्याळाकडं बघितलं, शालूबाईनं टाळ उचलले, मी उंबऱ्यातूनच सुरुवात केली. चप्पल पायात होती. क्षमा कर रे बाबा.

असं रोज चाललं तर एक दिवस पाच वाजून पाच होणार. मान गेला की गेला. विठाबाईंना काय तोंड दाखवू? गळा आहे म्हणाल्या. पाय आहेत असं कुठं म्हणाल्या!

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

तेजस्वीनं काल रात्री पिशवीतनं दिवा काढला. माझ्या मुठीएवढा. बटण एकच, चार तऱ्हा — मोठा, मधला, बारीक आणि लुकलुक. किंमत सांगितली नाही. खोक्यावर बघितली. मग पाणी प्यायले.

आज पहाटे आंघोळ उरकून उंबऱ्यात सायकल उभी केली. दिवा लावला. दिवा थांबलेला, सायकल थांबलेली, मी थांबलेली. निवांत हात जोडले, डोळे मिटले, पूर्ण नमस्कार केला. मग बसले आणि निघाले. दिवा मध्ये कुठं विझलाच नाही, म्हणजे पुन्हा लागायचा प्रश्नच नाही!

इतकं सोपं! सहा दिवस पायाचे तुकडे पाडून घेतले.

पण 'मोठा' लावला होता. पाणंदीत समोरून सयाजीभाऊजी मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या लावून येत होते. अचानक त्यांनी गाडी उसात घातली आणि थांबले. मी शेजारून गेले तर ओरडले, "पावणं, डोळं फोडतासा काय! डिपर मारा की!"

मग माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं बघितलं.

"वहिनी? ट्रक कुठं गेला?"

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आण्णांकडं गेले. दुकानात झेंडूच्या माळा, आण्णा नव्या सदऱ्यात, शिव्या जुन्याच. डायनामो परत घ्यायला तयार नव्हते. शेवटी बदल्यात घंटी दिली आणि दिवा फुकट नीट बसवून दिला.

"लोकांच्या तोंडावर उजेड मारून तुला खड्डा दिसणार हाय काय? मान खाली घाल त्येची." पान्यानं दिवा खाली वाकवला. मग विचारलं, "भूपाळीची एक ओळ म्हणायला किती येळ लागतोय?"

म्हणून दाखवली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं उभी राहिली, त्यांना वाटलं आरतीच सुरू झाली.

"आता हे बघ. ओळ संपंपर्यंत तुझं चाक जिथं पोचतंय, तिथं उजेड पडाय पायजे. त्येच्या पुढचं बघून उपेग न्हाय, अलीकडचं बघून येळ न्हाय. आणि ती लुकलुक लावू नको. खड्डा मधल्या अंधारात लपतोय."

मधला उजेड, मान खाली. आण्णांच्या पाया पडले. म्हणाले, "ऊठ ऊठ, इथं ग्रीस हाय."

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

यांना ओवाळलं. ताटात ओवाळणी टाकली — मागचा लाल दिवा! खोक्यासकट.

"असू दे," हे म्हणाले. "बिबट्याला कळू दे, हितनं गाडी गेलीया."

तेजस्वीचं काम. तरी मी बराच वेळ ताट खाली ठेवलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज वीस मिनिटं आधी पोचले. देवळाला कुलूप. अंग गार पडू नये म्हणून सायकलवरूनच देवळाला तीन फेऱ्या मारल्या. प्रदक्षिणाच म्हणायची.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज कॅनॉलच्या कडेनं गेले. दीड किलोमीटर जास्त पडतं. पाणंदीत चिखल होता.

फार नव्हता.

कॅनॉलवर वारा लागतो. उतार आहे. उतारावर पाय वर उचलून धरले तर सायकल आपली आपण जाते. शेजारी पाण्यात दिव्याचा उजेड धावत होता. तोंडातनं भूपाळीची तिसरी ओळ आपोआप निघाली, आणि चौथीला एक माणूस कडेला डबा घेऊन बसलेला दिसला. घाईनं उजेड दुसरीकडं वळवला. आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पडले. तिसऱ्यांदा.

चार्ज करायचा राहिला. काल दिवसभर लाइट नव्हती, रात्री आली तेव्हा मी झोपले होते. पाणंदीच्या मध्यावर दिवा विझला. सायकल चालूच होती, मी अंधारात चाचपून बटण दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा शेवटचं लागावं तसा लागला.

आणि हात गेले.

कोपर सोललं. कुणी बघितलं नाही. उठले, लुगडं झटकलं, सायकल ढकलत पळाले. वेळेत पोचले. भूपाळी म्हटली.

घरी आल्यावर हे नेहमीसारखं म्हणाले, "पडलीस?"

"न्हाय."

भरल्या कार्तिकात. आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. कोपराला हळद लावलीय आणि वर लांब बाह्यांचा ब्लाउज घातलाय, चोरासारखा. परवा एकादशी. खरं सांगितलं तर सायकल आढ्याला. नाही सांगितलं तर खोट्या तोंडानं देवाला उठवायचं.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज पहिल्या ओळीलाच आवाज बसला. बसला म्हणजे आलाच नाही. गाभाऱ्यात काकडा जळतोय, सगळे माझ्याकडं बघतायत, आणि माझ्या तोंडातून नुसता वारा. शालूबाईनं कोपरानं ढोसलं — सोललेल्या कोपराला! — तेव्हा आवाज फुटला. वरच्या पट्टीत.

घरी आले, सायकल भिंतीला टेकवली, यांच्यापुढं उभी राहिले. हे धार काढत होते. सगळं सांगितलं. कालचं खोटं, कोपर, आणि शेवटी तेही. हात का सुटतात ते.

धारेचा आवाज थांबला.

"म्हणजे दिवा लागला की तू हँडल सोडून..."

"व्हय."

"तिन्ही येळला?"

"व्हय."

हे आधी नाकातनं हसले. मग पोटातनं. मग म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून हसले, तशी म्हैस बिथरली, पाय झाडला, अर्धी बादली दूध शेणात. एरवी चमचाभर सांडलं तरी घर डोक्यावर घेतात. आज डोळे पुसत उठले, ओला हात घेऊन भिंतीपाशी गेले आणि दोन्ही रेघा पुसल्या.

"अवं, तीनदा पडलो की मी!"

"नमस्कार करताना आडवी झालीस न्हवं? मग ते पडणं न्हवं. लोटांगण हाय. लोटांगणाला कोण बंदी घालणार? मला काय नरकात जायाचंय?"

मी तिथंच गव्हाणीवर बसले. कोपर किती दुखतंय ते आत्ता कळलं.

दूध अर्धी बादली कमी. डेअरीत काय सांगायचं ते हे बघतील.

२ नोव्हेंबर, रविवार. एकादशी

दिवा फुल्ल चार्ज. हवा तपासली. सगळं केलं. आणि पाणंद संपता संपता चेन पडली!

दिव्याच्या उजेडात बसून चेन चढवली. कधी चढवली होती शाळेत असताना, हातांनी लक्षात ठेवलं होतं. पण हात काळे, घड्याळात पाच वाजून एक. गावाबाहेरचं मोकळं रान कसं ओलांडलं माहीत नाही. पाच वाजून सहा मिनिटांनी देवळात. एकादशीची गर्दी, सभामंडप भरलेला.

आणि सगळे गप्प बसलेले.

शालूबाई बाहेर पायरीवर उभी. हात कमरेवर. मला वाटलं आता टाळ दाखवणार.

"ये ये, पळ. तुझा लाइट लांबनं दिसालता रानातनं. मधीच थांबला, म्हटलं चेन पडली असंल. गुरवाला म्हटलं, थांब. येतीय ती."

"आणि गुरव थांबले?"

"न थांबून सांगतोय कुणाला! दाराला मी उभी होतो की."

काळ्या हातांनीच टाळ घेतले. पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला मी शालूबाईकडं बघितलं आणि मान हलवली. तिनं इकडंतिकडं बघितलं, मग म्हटली. आवाज जाडा आहे तिचा, पण घंटेसारखा. पुढं दोघींनी मिळून म्हटली.

जाताना म्हणाली, "तुझा लाइट जरा डावीकडं झुकलाय. आण्णाला दाखव."

५ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिकी पौर्णिमा

शेवटचा काकडा. एकही दिवस चुकला नाही! गुरवांनी सगळ्यांसमोर नारळ दिला. विठाबाईंना गारगोटीला फोन लावून शालूबाईनं सगळं सांगितलं, चेन, ट्रक, पाट. विठाबाई एवढ्या हसल्या की लेकीनं फोन काढून घेतला, टाके ताणतील म्हणून.

घरी नारळ फोडला. हे खोबरं खात म्हणाले, "झालं म्हणायचं. सायकल टांगू आता वर?"

"टांगा की."

"सकाळी टांगतो, धारा झाल्यावर."

दिवा काढून ठेवायला गेले. चार्जिंगला लावला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज काकडा नाही. सव्वाचारला जाग आली. उंबऱ्यात दिवा लावला, हात जोडले, बसले. हे गोठ्यातनं म्हणाले, "आज कुठं गं?" मी घंटी वाजवली आणि निघाले.

पाणंदीच्या फाट्याला देवळाकडं जायला डावीकडं वळायचं. मी उजवीकडं वळले.

त्या वाटेला माझं काहीही काम नाही.